रविवारपर्यंत टिकायचं

तो दातांच्या कवळ्या करायचा. परक्यांच्या तोंडाच्या मापाचं मेण कोरत दिवसभर मान खाली घालून बसायचं, हेच त्याचं काम. बायको रुग्णालयात रक्त तपासायची आणि तिची कामाची पाळी दर आठवड्याला बदलायची. नवराबायकोचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर आलं होतं, पुढे चिठ्ठ्याही आटल्या. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. भांडायला तरी दोघं एका वेळी घरात हवीत! शेवटी वेगळं व्हायचं ठरलं. वकिलाकडचे कागद येऊन कपाटाच्या खणात पडले, सह्या तेवढ्या राहिल्या.

त्याच महिन्यात मुलीची बाहेरगावच्या बॅडमिंटन स्पर्धांसाठी निवड झाली. बारा वर्षांची पोर, एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. पहिल्या स्पर्धेला सोबत कोणी जायचं यावरून दोघं अडून बसले. दोघांनाही जायचं होतं, म्हणून दोघंही गेले.

तीन तासांच्या त्या प्रवासात काय झालं कोण जाणे, पण बायको एका विनोदावर हसली. विनोद त्याचाच होता, जुनाच होता. त्याच्या मनाने तिथेच उचल खाल्ली. घरात जे जमत नाही ते गाडीत जमतंय, तर गाडीतच जमवू या. त्याने नियम केले. शनिवार-रविवार फोन पिशवीत. लॉजवर तिघांना मिळून एकच खोली. सामन्यांच्या मधल्या वेळात पत्ते. बायकोने आधी नाक मुरडलं, पण दोन-तीन स्पर्धांनंतर तीच शुक्रवारी डबे भरायला लागली, पाळ्या बदलून घ्यायला लागली. आणि भिंगरी जिंकत होती. शनिवारी हरणाऱ्यांची घरं दुपारीच गाड्या काढायची. हे तिघं मात्र बहुतेक वेळा रविवारच्या शेवटच्या सामन्यापर्यंत थांबायचे. खणातल्या कागदांचा विषय दीड वर्षात कोणी काढला नाही.

मग एका उपांत्य सामन्यात, पहिला गेम जिंकलेला असताना, भिंगरीने शटल उडवायला हात वर नेला आणि तो खांद्याच्या वर गेलाच नाही. तिने रॅकेट डाव्या हातात घेतली. प्रेक्षकांत दोघं-चौघं हसले, त्यांना ती गंमत वाटली. तिने तसेच चार गुण खेळून काढले, तेव्हा प्रशिक्षक मॅडमनी सामना थांबवला.

मॅडमनी दोघांना बाजूला घेतलं. हा खांदा पाच महिने दुखतोय, त्या म्हणाल्या. घरी माहीत आहे, गोळ्या चालू आहेत, असं पोरीने त्यांना सांगितलं होतं. दोघांनाही यातलं काही माहीत नव्हतं. गोळ्या चालू होत्या हे खरं होतं, फक्त त्या ती आईच्या पर्समधून काढून घेत होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खांद्यात आतून फाटलंय, वर्षभर रॅकेटला हात लावायचा नाही, आणि नंतरही स्पर्धेचा नाद सोडलेला बरा. दवाखान्याच्या बाकावर आई तिला रागावली. इतकं दुखत होतं तर बोलली का नाहीस, आम्ही काय तुला मारणार होतो?

भिंगरीने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "शनिवारी हरले असते तर आपण दुपारीच घरी आलो असतो."

"मग? आलो असतो."

"घरी आल्यावर तुम्ही दोघं बोलत नाही."

आईने तोंड फिरवलं. बाप उठून पाणी आणायला गेला आणि पेला न घेताच परत आला.

त्याने हार मानली नाही. खेळ नसला म्हणून काय झालं, शनिवारी आपण तसेच निघू, असं त्याने ठरवलं. दोन आठवड्यांनी तिघं निघाले. तीच गाडी, तेच डबे, भिंगरीचा हात पट्ट्यात. अर्ध्या तासातच त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे बोलायला काही नाही. आजवर ते बोलले होते ते पोरीच्या सर्व्हिसबद्दल, पुढच्या प्रतिस्पर्धी मुलीबद्दल, कोर्ट निसरडं आहे की नाही याबद्दल. त्याने तो जुना विनोद पुन्हा सांगून पाहिला. बायको खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाली. त्या "हं"मध्ये राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. मागच्या सीटवरून भिंगरी भराभर बोलत होती, शाळेतलं, मैत्रिणींचं, काहीबाही; तिला दम लागेपर्यंत. जेवायच्या वेळेला बायको हळूच म्हणाली, "परत फिरू या का?" त्याने गाडी वळवली.

कागदांवर सह्या झाल्या तेव्हा कोणी रडलं नाही. आई रुग्णालयाजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेली. भिंगरी तिच्याबरोबर गेली आणि एकाआड एक शनिवारी बसने बापाकडे येऊ लागली. त्याच्या कामाच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून ती शाळेचा अभ्यास करायची. आता ती एका जागी तासन्‌तास बसू शकत होती.

एकदा त्याने मेणातून मान वर न करता विचारलं, "खेळाची आठवण येते का गं?"

"नाही," ती म्हणाली. "मला खेळ एवढा आवडत नव्हता, बाबा. शेवटी शेवटी तर अजिबात नाही."

त्याला वाटलं, आता ती आणखी काही बोलेल. ती वहीचं पान उलटून पुढचं गणित सोडवायला लागली. त्याने एक दात जागेवर बसवला, तिरका बसला म्हणून काढला, आणि परत बसवला.