मागून आलेली लाट

उद्या घोडेगावच्या पोलीस ठाण्यात भरतला जबाब द्यायचा होता. होडीवाल्या हौशीरामने होडीत गवताचे भारे बेसुमार भरले, म्हणून होडी उलटली आणि माझी बायको बुडाली, असं तो सांगणार होता. सगळं गाव तेच म्हणत होतं. तरी आज सकाळी त्याने शिनोलीहून एस्टी धरली आणि तो मंचरला अमृतलालच्या कापडदुकानात येऊन उभा राहिला.

अमृतलालची मुलगी रिद्धी समुद्राच्या लाटांचा अभ्यास करायची. कोकणच्या किनाऱ्यावर न्यायचं यंत्र आधी शांत पाण्यात तपासावं, म्हणून तिने ते महिनाभर भरतच्या वस्तीखाली धरणात ठेवलं होतं. हातभर लांबीची नळी, वरून जाणाऱ्या लाटांचा दाब टिपून ठेवणारी. ती खुंटाला बांधायला भरतच्या बायकोने, साळुबाईनेच, म्हशीचं दावं दिलं होतं. "म्हस पळंल, पर ही नळी जायाची न्हाई," म्हणून हसली होती. त्याच खुंटापासून पन्नास पावलांवर साळुबाई बुडाली, त्याला आज सतरा दिवस झाले.

अमृतलालने हातातला तागा तसाच ठेवला. "या भरतभाऊ. पाणी घ्या."

"पानी नगं."

अमृतलालने नुसता जिना दाखवला.

वर रिद्धी सामान बांधत होती. भरत उभ्यानेच बोलला. "ताई, त्या दिवशीचं तुज्या यंत्रात असंल ना? लई वारा व्हता त्या दिवशी. वाऱ्यानंच उलटली असंल होडी. तेवढं बघून दे."

"तो दिवस मी अजून उघडला नाही, दादा. धीर झाला नाही."

"आता उघड."

त्या संध्याकाळी भरतही पाण्यावर होता. पुण्याच्या पाहुण्यांना फिरवायला त्याने मशीनची बोट घेतली होती. साळुबाई कधी तिच्यात बसली नाही. "तुमच्या त्या फटफटीनं कान फाटत्यात," म्हणायची. पलीकडून गवत आणायला ती हौशीरामच्या वल्ह्याच्या होडीतूनच जायची. त्या दिवशी अंधाराआधी पाहुण्यांना काठाला लावायचं, म्हणून भरतने बोट जोरात काढली. गवत घेऊन परतणारी हौशीरामची होडी मागे लांब राहिली. भरतने मागे वळून पाहिलं. होडी सरळ होती. भाऱ्यावर बसलेल्या साळुबाईने विळ्याचा हात वर केला होता. मग मध्ये टेकाड आलं. मी वळून पाहिलं होतं, हे सतरा दिवस तो भेटेल त्याला सांगत होता. कुणी नसलं की स्वतःला सांगत होता.

रिद्धीने लॅपटॉप उघडला. "पाण्यात एका वेळी पुष्कळ लाटा मिसळलेल्या असतात, दादा. कॉम्प्युटर त्या वेगळ्या करतो. पाखडल्यासारखं. लांब लाटा खाली दिसतात, आखूड वर. डावीकडून उजवीकडे वेळ."

पडदा निळा होता. वरच्या अंगाला पिवळा धुरळा पसरला होता.

"ह्यो काय?"

"वारा."

"बघ! मी काय म्हनत व्हतो!" भरतचा आवाज चिरकला. "वारा हाये!"

"हा दुपारचा वारा. इथे पाच वाजलेत. इथून तो पडला."

पिवळं विरळ होत गेलं होतं. साडेपाचच्या जवळ, होडी उलटली त्या वेळेला, त्या निळ्यात एक बारीक रेघ होती. खाली सुरू होऊन तिरपी वर चढलेली.

"आन् ही?"

रिद्धीने ती रेघ मोठी केली. "वारा अशी रेघ ओढत नाही. या मशीनच्या बोटीमागच्या लाटा. त्यातल्या लांब, पसरट लाटा आधी पोचतात. होडीतल्या माणसाला कळतही नाहीत. आखूड, उभ्या लाटा मागून येतात; होडीला धक्का त्याच देतात. रेघेच्या चढावरून बोट किती लांबून गेली ते काढता येतं. पाचेकशे मीटर. त्या पोचायच्या चार मिनिटं आधी."

बोट कुणाची, हे तिने विचारलं नाही. धरणात मशीनची बोट एकच होती.

"मी वळून बघितलं व्हतं, ताई. होडी सरळ व्हती."

"तेव्हा असणारच, दादा. लाट अजून पोचलीच नव्हती."

भरतने टेबलाची कड धरली. "पूस ती रेघ."

"दादा..."

"पूस म्हनतो ना! पाया पडतो तुज्या. तिला तू वहिनी म्हनायचीस."

"म्हणूनच नाही पुसणार." तिचे डोळे भरले होते. "भारेही जास्त असतील. एकट्या लाटेने होडी उलटली, असं ही रेघ सांगत नाही. लाट आली, एवढंच सांगते."

लाट आली. पाण्यातून वर आल्यावर हौशीराम काठावर हेच ओरडत होता. सगळ्यांदेखत भरतने त्याच्या थोबाडीत मारली होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी कुऱ्हाडी घालून त्याची होडी फोडली, तेव्हा भरत बघत उभा होता.

दिवस कलता तो हौशीरामच्या दारात पोचला. हौशीराम अंगणात होडीच्या फळ्या रचत होता. सरपणाला. त्याने वर पाहिलं आणि हात आधी गालाकडे नेला.

"मारायला न्हाई आलो," भरत म्हणाला. "लाट माजी व्हती."

"म्हाईत हाये."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो की. लाट आली म्हनलो. तुमी हात उचलला."

"माजी व्हती, हे का न्हाई सांगितलंस?"

हौशीराम फळीतला खिळा ओढत राहिला. खिळा निघाला नाही. "वैनी तुमच्या गेल्या. त्यात आनिक हे कुठल्या तोंडानं सांगू? वाटलं, चार दिसांनी तुमचं तुमाला कळंल."

भरत तिथेच फळ्यांजवळ बसला. त्याला रडू येईना. "उद्या जबाब हाये. तू संगं चल. मला एकट्याला बोलता यायचं न्हाई."

हौशीरामने त्याला आत या म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. फळी बाजूला टाकून तो म्हणाला, "एस्टी साडेसातची हाये."