कांद्यातलं फूल

आष्टीच्या शाळेमागच्या मैदानात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मांडवात चाळीस कुंड्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत लालभडक ट्यूलिप. गावाने हे फूल आजवर फक्त मोबाइलवर पाहिलेलं.

"हा पारिजातकाचा थोरला भाऊ! इंद्राच्या बागेतला!" फूलबाबा माइकवर गरजले. "महिन्याखाली तुमच्यासमोर वाळका कांदा पुरला, एक फुंकर मारली. ज्याच्या कुंडीत फूल, त्याच्या घरचा रोग गुल!"

इंद्राच्या बागेत कांदे लावतात, हे मला नवीनच होतं.

माझी धाकटी बहीण चतुरा कुंडी छातीशी धरून रडत होती. तिच्या नऊ वर्षांच्या शीतलला फिट येतात. रोजच्या गोळ्यांमुळे आठ महिने एकही आली नव्हती. बाबाने सांगितलं होतं, फूल आलं की गोळी बंद. चतुराने त्याच सकाळी गोळ्यांची पाकिटं चुलीत घातली होती.

आता माझी लाज सांगतो. मी रामकिसन, नवीन जालन्यात माझी नर्सरी आहे. ते कंद माझ्याकडचेच! "बंगल्याची शोभा वाढवायची" असं सांगून बाबाचा चेला घेऊन गेल्ता.

उरलेला एक कंद आणि सुरी घेऊन मी सरळ मंचावर चढलो.

"हा माझ्या फ्रीजमधला," मी ओरडलो. "काश्मीरहून येतो. फूल याच्या पोटात आधीच तयार असतं. थंडी सरली असं वाटल्याशिवाय ते बाहेर येत न्हाई, म्हणून मी तीन महिने गार ठेवतो. मंग कुंडीत लावला की महिन्याभरात फुलतो. फुंकर मारा न्हाईतर शिव्या द्या!"

कंद उभा चिरला. आत गव्हाच्या दाण्याएवढी कळी होती. पुढचे लोक माना लांबवून बघू लागले. वाटलं, जिंकलो!

चतुराने पुढे येऊन त्या कळीला हात जोडले. "बघ दादा, देवानं आतच ठिवलं व्हतं. बाबांनी नुस्ती हाक मारली."

"बराबर बोलली माय!" बाबाने वाक्य वरच्या वर झेललं. "आणि या पाप्यानं पोटातल्या कळीवर सुरी चालवली! आज दुपारी फूल कुंडीतून उपटून अंगणात लावा. टिकलं तर श्रद्धा खरी."

भरउन्हात, मुळाची माती झाडून, फुलावर आलेलं रोप उपटायचं? ते मरणारच. बाबाला ते पक्कं ठाऊक होतं. मी घसा फोडून सांगितलं, पण लोकांनी मला मांडवाबाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी चाळीसही अंगणांत फुलांनी माना टाकल्या. दोष कुणाचा? माझ्या सुरीचा! त्यावर सगळ्या गावाचं एकमत झालं.

पाचव्या दिवशी चतुराच्या शेजारच्या तुळजाबाईचा फोन आला. शीतलला लागोपाठ दोन फिट आल्या होत्या. मी डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन धावलो. चतुरा दारात आडवी उभी राहिली. आत पोरगी गोधडीवर पडलेली, चावलेल्या जिभेतून रक्त येत होतं.

"तू सुरी लावली नसती तर बरी झाल्ती माझी लेक."

आयुष्यभर खऱ्याची बाजू घेणारा मी, बहिणीच्या पाया पडलो. "मीच पापी. फूल माझ्यामुळंच मेलं. मला शिव्या घाल, पण गोळी दे तिला. अशी अचानक बंद केली तर जीव जाईल गं!"

तिने माझ्या हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं. "बाबांना विचारून सांगते," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

वाचणाऱ्यांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कंद आणा, स्वतः चिरा, स्वतः बघा. देव मानायचा तर माना. पण डॉक्टरांनी लिहिलेली गोळी कुणाच्या फुंकरीवर थांबवू नका. मी ओट्यावर बसून हे लिहून राह्यलोय. गोळ्या माझ्या खिशात आहेत आणि आत चतुरा बाबाला पुन्हा पुन्हा फोन लावते आहे. बाबा उचलत नाही.