दोष आत की बाहेर

दाराची मूठ हातात आली तेव्हा तिला आधी हसूच आलं. मग दार बंद आहे आणि आपण आत आहोत, हे लक्षात आलं.

टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरातली ती यंत्रखोली. साऱ्या गावाचं बोलणं तिथून जायचं, पण तिथून कुणाला हाक मारायची सोय नव्हती. भिंतींना आतून पत्रा, त्यामुळे रेंज नाही. मोबाइल बाहेर टेबलावरच राहिलेला. भिंतीवरचा फोन आठवडाभर मुका होता. दिव्याखाली अंधार, असं म्हणून सगळे हसले होते. तीही हसली होती. पंख्यांच्या घरघरीत दारावर मारलेल्या बुक्क्या तिच्या स्वतःच्या कानांपर्यंत जेमतेम पोचत होत्या. वर, पार फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत काय पोचणार?

शनिवारची दुपार होती. आता माणूस उगवणार तो सोमवारी. एसी यंत्रांच्या सोयीने लावलेला, तिच्या अंगात सुती कुडता, आणि पाण्याची बाटली मोबाइलशेजारी.

घरचे शोधतील म्हणावं, तर तिथेच गोम होती. नवरा याच कंपनीत, पण बाहेरच्या कामावर. खांब, रस्त्याकडेच्या पेट्या, जमिनीखालची चेंबरं हे त्याचं राज्य. लग्न झाल्यापासून दोघांचं भांडण एकच. कुठे लाइन गेली की तो म्हणायचा, "आतल्यांचा घोळ. थंड हवेत झोपा काढता." ती म्हणायची, "आधी तुझ्या पेटीतली उंदराची पिलं मोज."

परवाही तो चारचौघांत आतल्यांवर घसरला, आणि तिने त्याच्याच चेंबरातली कुरतडलेली तार दाखवून दिली. त्याने कानाला हात लावला. "यापुढे बाहेरचं एकन्‌एक झाकण उघडून पाहिल्याशिवाय आतल्यांचं नाव काढणार नाही."

तिथे थांबायला हवं होतं. पण घरी जाऊन तिने सासूबाईंना सगळं साग्रसंगीत ऐकवलं. त्यावरून जुंपली. मग त्याच्या हत्यारांच्या पिशवीवरून जुंपली, कारण तो पिशवी नेहमी दारातच टाकायचा आणि ही नेहमी तिला अडखळायची. सकाळी "कामावरून परस्पर आईकडे जाते, सोमवारपर्यंत" म्हणून ती तरातरा निघाली. आईला मात्र काही कळवलंच नव्हतं. फोन उचलला नाही तर तो समजणार, अजून रुसलीय.

मदत मागायचा एकच मार्ग उरला होता. काहीतरी बिघडवायचं. जाड तार उपटली असती तर माणसं धावत आली असती. पण त्या तारेवर दवाखाना होता, अग्निशमन दल होतं. मग एखाद्या घराची? त्या घरात कोण आजारी आहे, कोण कुणाच्या फोनची वाट बघतंय, हे कुठे माहीत होतं? कपाटांमागून कपाटं बघत शेवटी तिचा हात तिच्याच घराच्या तारेपाशी थांबला. काचेची, केसाएवढी तार. तिने ती ओढून काढली.

आता त्याच तारेवर चालणारा सासूबाईंचा टीव्ही थांबला असणार. "अरे ए, तुझी कंपनी मेली की काय?" तो उठणार, पिशवी घेणार. आणि मग?

मग तो शब्दाला जागणार. घरापासून एक्स्चेंजपर्यंतचं प्रत्येक झाकण उघडून बघणार, अंधार पडला की घरी जाणार, आणि उरलेली झाकणं सोमवारी.

"म्हण ना," ती कपाटाला म्हणाली, "आतल्यांचा घोळ म्हण ना एकदा!"

तुटलेली तार आपली आपण जुळत नाही; ती तुटत-जुळत राहिली तर आत माणूस आहे हे त्याला कळेल, असं तिला मग सुचलं. तो दारावरची बेल ठरावीक तऱ्हेने वाजवायचा, दोनदा झटपट आणि एकदा लांब. "आला नाचत," सासूबाई म्हणायच्या. तिने तार तशीच लावली, काढली. दोनदा झटपट, एकदा लांब. मग थांबून खाचेशेजारचा हिरवा दिवा बघायचा. पलीकडून उजेड येतोय तोवर तो जळायचा. पुन्हा तेच. बोटं बधिर झाली, तार खाचेत बसेना. ती काखेत ऊब देऊन पुन्हा लावायची. दिवा आपला ढिम्म जळत राहायचा.

किती वेळाने कोण जाणे, तो विझला. तिने हातही लावला नव्हता.

लागला. विझला. लागला. आणि मग लांबलचक अंधार.

रस्त्यावरच्या कुठल्यातरी पेटीशी उकिडवा बसून तो तार काढत होता, लावत होता. 

दार उघडलं तेव्हा ती आनंदाने नव्हे, भीतीने ओरडली. "दार धर! आपोआप लागतं ते!" बाहेरच्या माणसाला हे कुठून माहीत असणार?

पण पिशवी आधीच दारात होती. पेटीचं झाकण वाऱ्याने बोटांवर आपटतं, म्हणून अडसर लावल्याशिवाय तो कशातच हात घालत नसे.

कोपरापर्यंत चिखल होता त्याच्या. "तारेतला उजेड मोजायच्या मीटरवरचा आकडा बेलसारखा नाचायला लागला," तो म्हणाला. "निम्मीच झाकणं झाली होती. बाकीची सोडून आलो. शब्द मोडला मी."

"बरं केलंस."

"मग आता बोलू का?"

"बोल."

"आतल्यांचा घोळ."

तिने दाराची मूठ त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, आणि या वेळी तरी बायको अडखळू नये म्हणून पिशवी उचलायला वाकला.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "आधी मला बाहेर पडू दे."