पाचशे दिनारचा मेहेर

हजच्या यादीत नंबर लागल्याचा मेसेज आला, त्या दिवसापासून साखरतरच्या नझीर मुकादमने देणी फेडायचा सपाटाच लावला. हजला जाणाऱ्या माणसाने मागे कुणाचं देणं ठेवू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नझीरने ते जरा जास्तच मनावर घेतलं. होडीच्या डिझेलचे राहिलेले पैसे दिले, चुलतभावाची शिडी परत केली. पंचवीस वर्षांपूर्वी आंबेवाल्या सदूच्या पेटीतून दोन डझन हापूस काढले होते, त्याचीही जाऊन कबुली दिली. सदूला हे आठवतही नव्हतं. आता कळल्यावर मात्र तो रागावला आणि आंब्यांची किंमत त्याने यंदाच्या भावाने वसूल केली.

असं करत यादीत एकच देणं उरलं, आणि ते घरातच होतं.

निकाहाच्या वेळी नवरा बायकोला जी रक्कम कबूल करतो तो मेहेर. काहीजण तिथल्या तिथे देतात. बरेचजण कागदावर ‘उधार’ लिहितात, आणि उधार म्हणजे कधीपर्यंत हे कुणी विचारत नाही. त्यात गावात एक खुळी समजूत अशी, की मेहेर बाईच्या हातात पडला म्हणजे तिचा तलाक झाला. त्यामुळे नवरे देत नाहीत, बायका मागत नाहीत, आणि आपण संसार नीट सांभाळला असं दोघांनाही वाटत राहतं. नझीर आणि नसीमाच्या संसाराला त्रेचाळीस वर्षं झाली होती. विम्याच्या कागदांच्या पिशवीत १९८२ सालचा निकाहनामा होता. त्यावर लिहिलं होतं: मेहेर, पाचशे इराकी दिनार, उधार.

लग्नाच्या वेळी नझीर इराकात बसऱ्याला एका बांधकाम कंपनीत सुतार होता. म्हणून दिनार.

“तेवडं मेहेर माफ कर गो,” चहा बशीत ओतताना तो म्हणाला. “म्हंजे मी मोकळा.”

हे तो मीठ मागावं तितक्या सहज म्हणाला. नसीमाने हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी फिरवलं आणि मग म्हणाली, “नाय करनार.”

नझीरला वाटलं, ती थट्टा करतेय. त्रेचाळीस वर्षांत तिने त्याला नाही म्हटलं नव्हतं असं नाही. पण त्या प्रत्येक नाहीमागे एखादं कारण, थोडी कुरकुर आणि शेवटी हो असायचं. हे नाही नुसतंच होतं.

नसीमाला कारण होतं, पण ते चहाच्या वेळी सांगण्यासारखं नव्हतं. तिचे अब्बा वारले तेव्हा कार्ला गावातल्या माहेरी मय्यत उचलण्याआधी चार बायकांनी तिच्या आईला कोपरांना धरून प्रेताजवळ आणलं होतं. मेहेर माफ केला म्हण, म्हणाल्या. आई सकाळपासून काही बोलली नव्हती. नवरा गेला हेही तिच्या डोक्यात अजून उतरलं नसावं. बायकांनी पुन्हा सांगितलं, तशी ती म्हणाली, केला. लगेच बाहेर निरोप गेला आणि पुरुषांनी खांदा दिला. नसीमा तेव्हा तिशीची होती. त्या दिवशी तिला रडू आलं ते वडिलांसाठी कमी आणि त्या एका शब्दासाठी जास्त. असं माफ करायची वेळ आपल्यावर येऊ द्यायची नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. पण मागायचं धाडस तिला पुढे तीस वर्षं झालं नाही, हेही खरं. आज नझीरनेच विषय काढला होता.

“मग देतो,” नझीर म्हणाला. “देन्याला मी काय घाबरतो?”

नात इकरा बारावी कॉमर्सला होती आणि मोबाइल तिच्या हातातच असायचा. तिने दोन्ही देशांची नावं टाकली, पाचशेचा आकडा टाकला, आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

“किती?” नझीरने विचारलं.

“चौतीस रुपये.”

“चौतीस हजार?”

“नुसते चौतीस, दादा,” ती आजोबांना म्हणाली. “पन्नास पैसे कमीच.”

नझीर आधी पाहत राहिला आणि मग हसत सुटला. इतका, की त्याला ठसका लागला. सदूच्या आंब्यांना याहून जास्त पडले होते. त्याने खिशातून पन्नासची नोट काढली, टेबलावर नसीमासमोर ठेवली आणि म्हणाला, “वरचे ठेव तुला.”

थट्टेत म्हणाला, हे तिलाही कळत होतं. तरी तिला ते लागलं. राग आलाच, पण त्याहून जास्त तिला नातीसमोर लाज वाटली. बारावीतल्या मुलीने आजीची किंमत मोबाइलवर काढली होती आणि ती वड्याच्या एका प्लेटएवढी निघाली होती. नसीमाने नोटेला हात लावला नाही. टेबल पुसलं तेव्हाही नोटेभोवतीनं पुसलं.

“बसऱ्याहून तुम्ही पैसे पाठवायचात,” ती शेवटी म्हणाली. “एका दिनारचे तीस रुपये यायचे. मी मोजलेत. तुमच्या भावाच्या हातात पडायचे, पन मोजायला मलाच लावायचा. त्याचे चौतीस कसे झाले, ते मला समजायला हवं.”

म्हणून दुसऱ्या दिवशी तिघं एसटीने रत्नागिरीला गेली. मारुती मंदिराजवळ दर्शनचं परकी चलन बदलायचं दुकान होतं. आखातात जाणारी आणि तिथून येणारी निम्मी रत्नागिरी त्याच्या काउंटरवरून जायची. दर्शनचे वडीलही हाच धंदा करायचे. त्यामुळे जुने भाव त्याला पाठ होते, आणि ते सांगायची हौसही दांडगी होती.

“इराकी दिनार मी घेत नाही आणि देतही नाही,” तो आधीच म्हणाला. “पण तुम्हाला सांगतो. बसा, मावशी.”

मग त्याने सांगितलं. ब्याऐंशी साली इराकी दिनार तीन डॉलरच्या वर होता. तेलाचा पैसा होता, छापखाना परदेशातला होता, आणि पंचवीसच्या नोटेवर घोडे होते. ते घोडे नझीरलाही आठवत होते. डॉलर तेव्हा नऊ-साडेनऊ रुपयांना, म्हणून दिनार तिशीला. पुढे इराणशी लढाई आठ वर्षं चालली आणि तिजोरी रिकामी झाली. नव्वदला त्यांनी कुवेत घेतला आणि जगाने इराकशी व्यवहार बंद केला. परदेशातून नोटा छापून येईनात, तेव्हा सरकारने घरीच छापायला घेतल्या. कागद हलका, शाई हाताला लागायची, आणि लागतील तितक्या छापल्या. त्र्याण्णवला घोड्यांची नोट रद्द करून टाकली. लोकांना बदलून घ्यायला जेमतेम आठवडा दिला आणि सीमा बंद ठेवल्या, म्हणजे बाहेर ज्यांच्याकडे होत्या त्यांनी चुलीत घालाव्यात.

“सरकारी कागदावर मात्र भाव तोच होता बरं का,” दर्शन म्हणाला. “तीन डॉलर. बाजारात एका डॉलरला दोन-दोन हजार दिनार मोजत होते, आणि सरकार म्हणत होतं, छे, आमचा दिनार तीन डॉलरचा. आता नव्या नोटा आल्यात. डॉलरला तेराशेच्या आसपास. घसरला तसा आपला रुपयाही आहे, नवाचा नव्वदीला गेला. पण आपला दहा पायऱ्या उतरला. त्यांचा जिन्यावरून पडला.”

“कुवेतचा?” नझीरने विचारलं. बसऱ्यापासून कुवेत हाकेच्या अंतरावर, आणि त्याला तिथेही नोकरी मिळत होती.

“कुवेतचा आज पावणेतीनशेच्या वर.”

नझीर काउंटरला टेकला.

“मग पाचशे दिनारचे किती?” नसीमाने विचारलं. ती इतका वेळ मान खाली घालून ऐकत होती, आणि तिला सगळं समजलं होतं.

दर्शनने कॅल्क्युलेटर ओढला. “आजच्या दिनारने चौतीस. त्या दिवशीच्या दिनारचे त्या दिवशीच रुपये केले असते, तर साडेपंधरा हजार. आणि त्या साडेपंधरा हजारांचं त्याच दिवशी सोनं घेतलं असतं, तर नऊ तोळे झालं असतं.” त्याने पुन्हा बटणं दाबली. “आज त्याचे अकरा लाख होतात.”

नझीरने रुमालाने मान पुसली. होडीतला आपला हिस्सा विकून आणि पै-पै साठवून त्याने हजसाठी चार लाख ठेवले होते. त्याच्या नावावर तेवढेच होते. मुलगा तन्वीर कतारला असला तरी त्याच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता होता, आणि त्याच्याकडे हात पसरायचा नाही अशी नझीरची जुनी ऐट होती.

“यातलं खरं कुठलं?” त्याने विचारलं.

“सगळी बरोबर आहेत,” दर्शन म्हणाला. “दिवस कुठला धरायचा, ते मला कसं ठरवता येईल?”

परतीच्या एसटीत नझीर पुढे बसला आणि या दोघी मागे. गावात उतरल्यावर तो घरी न येता थेट मशिदीत मौलानांकडे गेला. मौलाना शहाणे गृहस्थ होते. ते म्हणाले, नाणं इतकं पडलं की काय द्यायचं, यावर धर्मशास्त्र जाणणाऱ्या मोठ्या आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, आणि मी तुमच्या घरात तंटा लावणार नाही. तिला विचारा. ती खुशीने जो आकडा सांगेल तो द्या. चौतीस म्हणाली तर चौतीस. पण तिची खुशी हवी, आणि हक्क तिचा आहे. हजचा पहिला हप्ता महिनाअखेरीला भरायचा आहे ना? त्याआधी विचारा.

ही बातमी नझीरच्या आधी घरी पोचली. दोन दिवस येणारी-जाणारी प्रत्येक बाई नसीमाला समजावून गेली. म्हाताऱ्याची हज अडवशील काय? त्या पैशांचं करणार काय तू? एकीने तर हळूच विचारलं, तुला सोडायचंय का त्याला? नसीमा सगळ्यांना चहा देत होती आणि आतून घाबरलेली होती. हजच्या वाटेत आपण आडवं येतोय, हे पाप तर नाही ना, या विचाराने तिला जेवण जात नव्हतं. माफ केलं म्हटलं की सगळं मिटणार होतं. एकच शब्द, आईने म्हटला तोच. तो शब्द तिच्या तोंडाशी यायचा आणि तिथेच थांबायचा.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर नझीर पडवीत येऊन बसला. दोन दिवस त्याने अबोला धरला होता. जेवायला चुलतभावाकडे जात होता आणि तिथली आमटी त्याला मानवली नव्हती. त्याने बँकेचं पासबुक तिच्यासमोर ठेवलं. इकरा दारात उभी होती.

“बोल आकडा,” तो म्हणाला. “अकरा लाख बोललीस तर माझ्याकडं नायत. ह्या जन्मी होनार पन नायत. मौलाना बोलले तुझी खुशी. काय ती सांग.”

“चार लाख,” नसीमा म्हणाली.

नझीरने पासबुकाकडे पाहिलं. पासबुकात किती आहेत हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही. चौतीस नाही, साडेपंधरा हजार नाही, अकरा लाखही नाही. दर्शनच्या कॅल्क्युलेटरवर हा आकडा कुठेच आला नव्हता.

“हा कुठला हिशोब?”

“अब्बांनी पाच हजार रुपये सांगितले होते मेहेर,” ती म्हणाली. “तुम्हीच बोललात, रुपये नको, दिनार लिहा. पाचशे. कोनी तरी हसलं, की एवढे हायत काय तुझ्याकडं? तुम्ही बोललात, हायत, दोन वर्षांचे साठवलेत, माझ्याकडं हाय ते सगळं. मी पडद्यामागं होते. मी ऐकलं.”

नझीरने मान हलवली. तो तसं बोलला होता. पंचवीस वर्षांचा होता, बसऱ्याचा कोट अंगात होता, आणि त्या क्षणी त्याला तसंच वाटत होतं.

“तुमचे दिनार पडले, रुपये पडले, सोनं चढलं. त्यातलं मला काय कळत नाय. तुम्ही मला सगळं कबूल केलं होतंत. आज तुमच्याकडचं सगळं म्हंजे चार लाख.”

नझीरला राग यायला हवा होता, आणि तो येण्याची तो जणू वाटही पाहत होता. आला नाही. उलट त्याला पाचशे दिनार साठवले ती बसऱ्यातली पत्र्याची खोली आणि मग तो निकाह आठवला असावा, कारण त्याने विचारलं, “तेव्हा तुला बरं वाटलं होतं? पडद्यामागं?”

“फार,” नसीमा म्हणाली.

सोमवारी दोघं बँकेत गेली. नसीमाचं खातं होतं. त्यात गॅसच्या सबसिडीचे एकशे बारा रुपये पडून होते. त्यात चार लाख जमा झाले. कारकुनाने पासबुक छापून दिलं आणि तिने ते बाहेर पायरीवर उभं राहून दोनदा वाचलं. तिला आनंद झाला. आपण इतक्या आनंदात असणं बरं दिसत नाही म्हणून तिने पदर पुढे ओढला, तरी तो आनंद काही लपला नाही.

नझीरने यादीतलं नाव मागे घेतलं. मौलाना म्हणाले, देणं फेडून ज्याच्या हातात हजचा खर्च उरत नाही, त्याच्यावर हज लागूच होत नाही, तुम्ही निर्धास्त राहा. गावाला मात्र इतकं सोपं पडलं नाही. मेहेर दिला म्हटल्यावर महिनाभर लोक तलाकची वाट पाहत होते. नसीमा रोज सकाळी त्याच दारात मासळी निवडताना दिसायची, आणि लोकांची निराशा व्हायची.

शेवटी सदूने जेटीवर सगळ्यांसमक्ष विचारलंच, “नझीरशेठ, मग हजला कधी जाता?”

“पुढल्या वर्षी,” नझीर म्हणाला. “नसीमाने पैसे उसने दिले तर.”

नसीमा दोन पावलांवर बांगड्यांचा वाटा घेत होती. तिने मासे पिशवीत टाकले, गाठ मारली आणि घराच्या वाटेला लागली.

“बघू,” ती म्हणाली.