काल रस प्यायलो

बस चालवण्यात सगळा जन्म गेला आणि म्हातारपणी ड्रायव्हरकाकांना काम लागलं ते खाण्याचं. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एक तपासणी चालू होती. लोणी-पाव-अंड्यांचा दणकून नाश्ता करायचा, त्यावर एक केशरी पेय प्यायचं आणि मग पलंगावर पडून हात पुढे करायचा. तुपकट खाल्लं की रक्तवाहिन्या काही वेळ आळसावतात म्हणे. संत्र्याच्या रसानं त्या मोकळ्या राहतात का, एवढंच तिथल्या डॉक्टरांना बघायचं होतं. कधी खरा रस मिळे, कधी नुसतं तसं दिसणारं गोड पाणी.

दंडाला पट्टा आवळून सोडायचा आणि पडद्यावर रक्तवाहिनी किती फुलली ते बघायचं, असं काम करणारी एक बाई होती. काका मनातल्या मनात तिला मापवाली म्हणत. खरं सांगायचं तर त्यांना ना पट्ट्याचं कौतुक होतं, ना रसाचं. त्यांचा जीव अडकला होता तिथल्या एका नियमात. खाणारा ताटली संपवेपर्यंत मापवालीनं समोर बसून राहायचं.

घरी समोर बसणारी गेली, त्याला दोन वर्षं झाली. लेक रविवारी फोन करायची. "जेवलात ना, बाबा?" "जेवलो." झालं, फोन संपला. काकांना फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायचं कुणाला, इथेच घोडं अडायचं.

इथे मात्र मापवाली दटावायची, "काका, पाव चावताय की त्याच्याशी गप्पा मारताय?"

"गप्पा तुझ्याशी. पाव नुसता ऐकतोय."

ती हसायची. लेकाचा पडलेला दात, सासूबाईंची कुरकूर, सगळं सांगायची. काका घास लांबवत राहायचे.

आजची खेप शेवटची होती. जिना चढताना काकांनी बेत शिजवला. येण्याआधी दोन दिवस संत्रं-लिंबू काही घ्यायचं नाही, अशी अट होती. मागे तपासणीला येणाऱ्या एका मास्तरीणबाईंना सर्दी झाली, तेव्हा त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. मग आपणही काहीतरी अडचण काढली, तर अजून एक आठवडा पदरात पडेल. हिशोब सरळ होता.

ताटली समोर आली. मापवालीनं खुर्ची ओढली आणि नेहमीसारखं विचारलं, "संत्रं, लिंबू काही घेतलं नाही ना?"

"काल रस प्यायलो. ग्लासभर," काका म्हणाले. घशाखाली थेंबही गेला नव्हता.

तिचा चेहरा पडला. "अहो काका! शेवटच्या दिवशी?"

"मग पुढच्या आठवड्यात येतो की."

"आता नाही यायचं. अट मोडली की त्या माणसाची सगळी मापं बाद. आधीचीसुद्धा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका गडबडले. "खोटं बोललो गं. नाही प्यायलो. आईशप्पथ!"

"आता कुठलं खरं धरू?"

"अजून एकदा तुझ्यासमोर बसून खायचं होतं मला. बाकी काही नाही."

मापवालीनं ताटली त्यांच्याकडे जरा सरकवली. मग हळूच म्हणाली, "आज बसलेच होते की हो मी, काका."

शेजारच्या खोलीतून तिला हाक आली. तिथेही कुणाची तरी ताटली मांडून झाली होती. ती उठली. "तुम्ही खा. नाहीतरी टाकूनच द्यावं लागेल." दार लावताना तिनं एकदा वळून पाहिलं, आणि गेली.

काकांनी पाव मोडला, अंड्याला लावला, पहिला घास घेतला.

"आज मीठ जरा जास्त पडलंय," ते म्हणाले, आणि कुणी काही बोलेल म्हणून थांबले.