खांबावरचा कागद

या, जरा इकडं सरकून बसा, पंख्याखाली. एक गोष्ट सांगते. खरं तर गाऱ्हाणंच आहे, पण मधेच उठू नका, कारण पुढं जाऊन त्यातला थोडा दोष माझ्याच पदरात पडतो.

म्हसरूळला सप्ताह बसला. पहिल्या दिवसाचं कीर्तन तेजलचं. तेजल म्हणजे आमच्या वडाळा नाक्याच्या गोटीरामबुवांची नात. पोरीचं हे आयुष्यातलं पहिलं कीर्तन, आणि तिची एकच अट होती. "पखवाजावर आजोबा पाहिजेत. ते नसले तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही." कीर्तन पाचला. बुवांना अलीकडं नीट दिसत नाही, म्हणून त्यांना आणायचं काम मी अंगावर घेतलेलं.

साडेतीनलाच आम्ही थांब्यावर. बुवांच्या खांद्यावर पखवाज. पिशवीत ओल्या फडक्यात कणकेचा गोळा, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला. बस पावणेचारची. पावणेचार झाले, चार झाले. बसवाल्यांचं ॲप उघडलं तर त्यात, 'बस दोन मिनिटांत येत आहे.' दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. दोन मिनिटांतच.

"रिक्षा करू का, बुवा?"

"दोन मिनिटांवर आलीय म्हणतीस ना? मग कशाला?" बुवांनी पिशवीत हात घातला. "कणीक वाळायला लागली, माई."

चौकशीचा नंबर लावला. गोड आवाजाची बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी फार मोलाचा आहे. मग सनई लागली. भर उन्हात कानाला सनई लावून मी उभी, जशी काही लग्नाला आलेय! सनई संपली, फोनही कटला. ॲपमध्ये बस अजून दोन मिनिटांवरच.

काय जीव जळतो म्हणून सांगू! कीर्तनकार बघा, एक चरण चार वेळा आळवतात. का? तर मागून एखादा उशिरा येऊन टेकलेला असतो, त्याच्याही कानावर पडावं. आणि हे बसवाले सांगणार एकदा, तेही कुठं, कुणाला, देव जाणे.

साडेचारला समोरून एक बाई रस्ता ओलांडून आली. गळ्यात शिवणाची टेप तशीच लोंबत होती. आल्या आल्या विचारलं, "मावशी, म्हसरूळच्या बसला थांबलात का? ती इथं येतच नाही आता. पलीकडं गटाराचं खोदकाम काढलंय. सोमवारपासून मागच्या रस्त्यानं जाते, दवाखान्याच्या पाठून."

"अगं, मग कुणी सांगायचं का नाही?" माझा आवाज चढला. "एक कागद चिकटवायला यांचे हात मोडले का?"

"लावलाय ना कागद. त्याच खांबावर." तिनं बोट दाखवलं. "पण त्याच्यावर कुणी तरी पोस्टर डकवून गेलंय."

मी मान वर केली. आमच्याच सप्ताहाचं पोस्टर. रविवारी संध्याकाळी मैद्याची खळ शिजवून मी आणि आमच्या भजनातल्या रंगूबाईनं घोटून घोटून लावलेलं. खाली काय आहे हे वाचायची गरज आम्हा दोघींपैकी एकीलाही वाटली नव्हती. देवाचं काम ना!

मी कोपरा धरून ओढला. खळ फार चांगली शिजली होती. पोस्टरसोबत बसवाल्यांचा कागदही फाटून आला. खांबावर एवढंच उरलं, 'तरी प्रवाशांनी नोंद घ्यावी.'

बुवा हसले. "घेतली म्हणावं!"

माझी मान मात्र वर होईना. ती बाई म्हणाली, "जाऊ द्या मावशी. मी पण पहिल्या दिवशी शिवलेले कपडे पोचवायला निघाले नि तासभर इथंच उभी होते. मालकाचं बोलणं खाल्लं. तेव्हापासून सुटले की दहा मिनिटं इथं येते. कुणी ना कुणी उभं असतंच. काल नामपूरच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, पार रडकुंडीला आलेल्या." मग बुवांकडं वळली. "चला बाबा. तो ढोल द्या माझ्याकडं."

"ढोल नाही गं, पखवाज."

"बरं, पखवाज. पण द्या तर."

तिनं पखवाज खांद्याला लावला, बुवांचा हात धरला आणि दोन गल्ल्या पार करून आम्हांला खऱ्या थांब्यावर नेलं. बस सुटायच्या बेतात होती. कंडक्टरला तिनं तिथूनच दम भरला, "थांबा ओ, बाबांना चढू द्या!" धांदलीत मी कसंबसं नाव विचारलं. जुलेखा, म्हणाली. वडाळा गावात राहते, इथं नाक्यावर शिलाईला येते.

मंडपात पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेलेले. तेजल नुसत्या टाळांवर उभी होती. पहिला अभंग म्हणून झाला होता आणि निरूपणात पोरगी अडखळत होती, आवाज बारीक झाला होता. आजोबा दिसले तशी ती थांबली. बुवांनी थुंकी लावून, मळून कणीक मऊ केली, पखवाजाला थापली आणि एकच थाप दिली. तेजलनं भरमंडपात पुन्हा तोच अभंग पहिल्या चरणापासून धरला. उशिरा आलेल्या आपल्या माणसासाठी. या वेळी आवाज मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोस्टरच्या कोऱ्या बाजूवर मी बोटभर जाडीच्या अक्षरांत बसचा नवा रस्ता लिहिला आणि खांबावर लावला. ॲपमध्ये बस अजूनही तिथं दोन मिनिटांवर आहे, हे सांगायला नकोच.

तर तुम्हांला एवढंच मागते. संध्याकाळी नामस्मरणाला बसाल, तेव्हा वडाळ्याच्या जुलेखाची आठवण असू द्या.