सहा फूट लांब, दोन फूट रुंद

घर ही पहिली शाळा आणि आई हा पहिला गुरू, असे थोर माणसे सांगून गेली आहेत. धामणगाव बढ्याच्या सिलास मास्तरांनी यातले घर तेवढे घेतले. गुरूची जागा त्यांनी स्वतःच भरली आणि आईकडे भाकरी ठेवल्या.

मास्तर मूळचे मिशनच्या शाळेतले. मिशनने ती शाळा बंद केली. जिल्हा परिषद तेव्हा नुकतीच जन्माला आली होती. तिने गावातली शाळा सातवीपर्यंत वाढवली आणि मुख्य गुरुजी म्हणून तुळशीरामला आणून बसवले. हा तुळशीराम सिलास मास्तरांच्याच हाताखाली चौथीत दोनदा नापास झाला होता. "ज्याला मी पाचवीत जाऊ दिलं नाही, त्याच्यापुढे माझी मुलं बसणार नाहीत," असे मास्तरांनी जाहीर केले. ऐकायला घरात तिघे होते: पत्नी कृपाबाई, अकरा वर्षांची रिबेका आणि आठ वर्षांचा दानियल. कोणी काही विचारले नाही. त्या घरात प्रश्न मास्तर विचारत आणि उत्तरे बाकीचे देत.

तेव्हापासून शाळा घरामागच्या बागेत भरू लागली. सकाळी प्रार्थना, मग एक भजन, मग वांग्यांच्या वाफ्यात बेरीज. वजाबाकी वांगी तोडताना व्हायची. पाटाच्या पाण्याला नाईल म्हणायचे असा नियम होता, आणि पाट फुटला की दानियल "नाईलला पूर आला" असे ओरडत फावडे घेऊन धावे. शेवग्याच्या झाडाखाली शुद्धलेखन होई. मुले हुशार निघाली यात शंका नव्हती. फक्त त्यांना बरोबरीचे दुसरे मूल माहीत नव्हते. कुंपणापलीकडून कोणी "ए, खेळाले येतं का बे?" म्हटले की दानियल उभा राहून पूर्ण वाक्यात नकार देई.

कृपाबाईंना ही शाळा मान्य नव्हती. रिबेकाला नर्स करायचे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवले होते, आणि नर्सिंगला सातवीचा दाखला लागे. दाखला वांग्याच्या झाडाला लागत नाही. "पोरीले पाचवीत बसवा," हे वाक्य दोन वर्षे त्यांच्या ओठांवर होते. पण ते बोलायचे तर मास्तरांशी वाद घालावा लागला असता, आणि त्यांच्याशी वाद म्हणजे तोंडी परीक्षा.

त्या दिवाळीनंतर कृपाबाई खंगू लागल्या. चेहरा हळदीच्या पाण्यासारखा झाला. विहिरीवरून घागर आणताना दोनदा वाटेत बसावे लागले. शेवटी मास्तरांनी त्यांना बैलगाडीतून मोताळ्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरने पापणी खाली ओढून पाहिली, नखे पाहिली, काळ्या औषधाची बाटली दिली आणि मास्तरांना बाहेर बोलावले.

कृपाबाईंना खिडकीतून दोघे दिसत होते. ऐकू काही येत नव्हते. डॉक्टर बराच वेळ बोलला. बोलताना त्याने तीनदा बोट जमिनीकडे केले. मास्तरांनी मान खाली घातली आणि रुमालाने कपाळ पुसले.

परतीच्या वाटेवर मास्तर एकच वाक्य बोलले. "काही गोष्टी आपण फार लांबणीवर टाकल्या, कृपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली, भजन झाले, आणि बेरजेच्या वेळेला मास्तरांनी कुदळ काढली. बागेच्या टोकाला, बोरीपलीकडे, त्यांनी चुन्याची फक्की टाकून जमिनीवर एक चौकट आखली.

"दानियल, लांबी?"

"सहा फूट."

"रुंदी?"

"दोन फूट."

"खोली पाच फूट धर. माती किती निघेल?"

दानियलने बोटे मोजली. "साठ घनफूट."

"शाबास," मास्तर म्हणाले आणि पहिला घाव घातला.

कृपाबाईंची खाट ओसरीवर टाकलेली होती. तिथून बोर दिसे, बोरीपलीकडची मातीची रास दिसे, आणि रास रोज वाढताना दिसे. मास्तर खणत, रिबेका टोपली ओढे, दानियल हिशेब ठेवी. दुपारी मास्तर येऊन खाटेशी उभे राहत, पत्नीकडे नीट पाहत आणि म्हणत, "आता फार दिवस नाहीत. होईलच." मग भाकरी खाऊन पुन्हा कुदळ उचलत.

शेजारच्या गोजरबाई कुंपणाशी शेण थापायच्या. त्यांनी रिबेकाला हाक मारली.

"काऊन वं पोरी, तुहा बाप खड्डा कायचा करून राह्यला?"

"आम्हाला सांगितलं नाही, काकू."

"अन् तुमी इचारलं नाई?"

रिबेकाने मान हलवली. गोजरबाईंनी खड्ड्याची लांबी डोळ्यांनी मोजली. मग खाटेवरच्या कृपाबाईंची मोजली.

"तुमच्यात जाळत नाईत नं वं?"

"नाही. पुरतात."

गोजरबाईंनी हातातले शेण तसेच खाली ठेवले. गावात हे कोणी पूर्वी पाहिले नव्हते. संध्याकाळी त्या वाटीभर शिरा घेऊन ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "खाय बाई. अन् आणखीन काय खावंसं वाटते ते सांग, लाजू नको." असे गाव कोणाला विचारते हे कृपाबाईंना ठाऊक होते. शिरा मात्र चांगला झाला होता. त्यांनी तो संपवला.

त्यानंतर सुतार इंद्रभान आला. मास्तर त्याला बोरीपलीकडे घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. ओसरीवर तुकडे तुकडे पोचत होते: "सागाची परवडणार नाही... पाण्याने कुजता कामा नये... कड गुळगुळीत हवी, तिला टोचायला नको." इंद्रभान जाताना खाटेसमोरून गेला, तेव्हा त्याने टोपी काढली. मग चुन्याची गोणी आली. मग मास्तरांनी मेंदीच्या फांद्या आणून खड्ड्याभोवती तीन बाजूंनी लावल्या आणि दोन्ही मुलांना रोज पाणी घालायला सांगितले.

रिबेका त्या दिवशी आईच्या खाटेखाली जाऊन बसली. बाप जवळ नसला की ती आईला माय म्हणे.

"माय, तू जाशीन का?"

"मले का ठाऊक. तुह्या बाबाले इचार."

"तूच विचार ना."

पण कृपाबाईंना उत्तर ठाऊक होते, आणि ठाऊक असलेले उत्तर काढून घेण्यात काय अर्थ. त्यांना आता एकच गोष्ट सुचत होती. खड्डा पुरा व्हायच्या आत ते दोन वर्षांचे वाक्य बोलून टाकायचे. मरणाऱ्या बाईची कोणी तोंडी परीक्षा घेत नाही.

शनिवारी खड्डा पाच फूट झाला. दानियल काठी घेऊन आत उतरला, तेव्हा ओसरीवरून तो मुळीच दिसेना, नुसता आवाज आला, "बाबा, पुरला!" कृपाबाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी मास्तरांना हाक मारली. आवाजात असे काही होते की मास्तर हात न धुता आले.

"बसा. मले एक मागाचं हाय."

"माग."

"सोमवारी पोरं शाळेत गेली पायजेत. दोघंबी. तुळशीरामच्या शाळेत. मले माह्या डोळ्यानं जाताना पाहू द्या."

मास्तरांचा चेहरा आंबट झाला. पण समोरचा चेहरा पांढरा होता, आणि अशक्त माणसाला त्रास देऊ नका असे डॉक्टरने बजावले होते.

"शास्त्रावर हात ठेवून सांगा."

मास्तरांनी मातीचा हात उशाशी असलेल्या बायबलावर ठेवला आणि वचन दिले. कृपाबाईंना एकदम हलके वाटले. आता बाकीचे बोलायला हरकत नव्हती.

"मंग दुसरं. ते थोडं लांब घ्याचं होतं. इहिरीच्या जवळ होते."

"पन्नास फूट आहे. मोजून घेतलंय," मास्तर उत्साहाने म्हणाले. आपल्या कामाबद्दल घरात पहिल्यांदाच कोणी काही विचारत होते. "वाऱ्याची दिशाही पाहिली. वास घराकडे येणार नाही."

"वास?"

"वर चुना टाकत जाऊ. तसं झाकण राहीलच."

कृपाबाई कोपरावर उठल्या. "एवढा मोठा काऊन पण? मी केवढीशी."

"एकटीसाठी थोडाच आहे? आधी तू. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. मग मुलं. मी शेवटी."

रिबेका आजही खाटेखाली जाऊन बसली होती; तिथून तिचा हुंदका ऐकू आला. मास्तर वाकून पाहणार, तेवढ्यात इंद्रभान फळ्या डोक्यावर घेऊन आत शिरला आणि त्या ओसरीशी टेकवून त्याने खाटेसमोर पुन्हा टोपी काढली. सगळ्यात रुंद फळीच्या मधोमध एक लांबट भोक होते. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लाकडी ठोकळे ठोकलेले होते.

"मास्तर, बसून पाहा बरं एकदा," इंद्रभान म्हणाला. "भोक लय मोठं झालं नाई नं? उद्या लेकरू पडलं-गिडलं तं माह्या नावानं बोंबलसान."

कृपाबाईंनी फळीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. कुंपणापलीकडे गोजरबाई पदर तोंडात कोंबून खाली बसल्या.

"हे काय हाय?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "डॉक्टर म्हणाले, तुझ्या पोटात जंत आहेत. रक्त पितात. उघड्यावर अनवाणी गेलं की पायातून चढतात. म्हणून घरचा... हा... करून घ्या म्हणाले."

"अन् हे मले सांगाले काय झालतं?"

"असला शब्द मुलांसमोर उच्चारायचा का?"

"मंग थो माणसाएवढा काऊन खणला? थेट थडग्यावानी!"

"डॉक्टरांनी गोल सांगितला होता," मास्तर म्हणाले. "पण दानियल अजून वर्तुळापर्यंत आलेला नाही."

इंद्रभानने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. रिबेका खाटेखालून बाहेर आली, तिने नाक पुसले आणि पहिल्यांदाच बापाला विचारले, "बाबा, आम्ही सोमवारी जायचं ना?"

"ते वचन," मास्तर घसा साफ करत म्हणाले, "एका गैरसमजातून..."

"शास्त्रावर हात कोणाचा होता?" कृपाबाई म्हणाल्या. "माती अजून तशीच हाय पुठ्ठ्यावर. पुसून घ्या."

मास्तरांनी पुसून घेतली.

सोमवारी मुले तेल लावून, भांग पाडून शाळेत गेली. कृपाबाई दारात उभ्या राहून, चपला घालून, ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिल्या. तुळशीराम गुरुजींनी आपल्या जुन्या मास्तरांच्या मुलांना पुढच्या ओळीत बसवले, आणि धोका नको म्हणून पहिला तासभर कोणालाच काही विचारले नाही. मास्तर बागेत एकटेच वांगी तोडत होते. मोजत नव्हते.

जेवणाच्या सुटीआधीच दानियल धापा टाकत परत आला. पाठोपाठ रिबेका. कृपाबाई उठून दाराशी आल्या. मारले असेल, हाकलले असेल, जुना राग काढला असेल. मास्तरही टोपली टाकून सरसावले. पण दोघे कोणाशी काही न बोलता थेट बोरीपलीकडे, मेंदीच्या आडोशाला बसवलेल्या नव्या फळ्यांकडे पळाले, आणि आधी कोण यावरून तिथे त्यांचे भांडण जुंपले.

शाळेत संडास नव्हता.